वजनावर नव्हे, नगावर

गेल्या वर्षी आमची कांदिवलीची इमारत पुनर्विकासाला गेली. डहाणूकरवाडीतली तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत. वडिलांनी १९७८ साली सोसायटीचं कर्ज काढून तिथे दोन खोल्या घेतल्या होत्या. बिल्डरने घर रिकामं करायला महिन्याची मुदत दिली आणि मी माळ्यावर चढलो. पितळी पातेली, बहिणीचा पाळणा, गणपतीची मखरं, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सुतळीची गाठ त्यांचीच होती, ती मी ओळखली.

गठ्ठ्यात सगळ्यात वर तीन ‘डेबोनेर’ होते. त्याखाली ‘आवाज’चे चार दिवाळी अंक. मग पाच-सहा पातळ पुस्तकं. त्यांच्यावर लेखकाचं नाव होतं पण ते खरं नव्हतं, आणि प्रकाशकाचा पत्ता मुळीच नव्हता. सगळ्यात खाली चंद्रकांत काकोडकरांच्या दोन कादंबऱ्या, आत एका वाचनालयाचा निळा शिक्का आणि परतीच्या तारखांचा चिकटवलेला कागद. आई खाली खुर्चीत बसून माझ्यावर देखरेख करत होती. मी गठ्ठा घाईघाईने पुन्हा गुंडाळायला लागलो तशी म्हणाली, “दाखव. कळलंय मला काय आहे ते. वरचे त्यांचे. खालचे दोन माझे.”

मग थोडं थांबून, जणू मी तेच विचारणार होतो अशा सुरात, “वाचनालय बंद झालं. परत कुणाला करणार होते?”

नियतकालिकांच्या इतिहासावर मी गेली वीस वर्षं लिहितो आहे. ‘सत्यकथा’, ‘अभिरुची’, ‘छंद’ यांच्या फायली मी धुळीसकट चाळल्या आहेत. पण या गठ्ठ्यातल्या मालाला इतिहास असतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आठवणी होत्या, त्याही माझ्या पिढीतल्या प्रत्येक पुरुषाकडे असतात तशाच. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी एखाद्या जुन्या मुखपृष्ठाचा फोटो टाकतो, आणि त्याखाली पन्नाशीतले गृहस्थ “काय दिवस होते!” म्हणून उसासे टाकतात. आता सगळं फुकट, सगळं हातात, तरी त्यात ती मजा नाही, असं त्यांचं म्हणणं. ती मजा नेमकी कशाची होती, एवढंच पाहायला मी बसलो, आणि पाहता पाहता पुण्याच्या एका कोर्टापर्यंत जाऊन पोचलो.

*

मराठीत या वाटेवरचं पहिलं मोठं नाव अशा माणसाचं आहे, ज्याला आपण पिवळ्या पुस्तकांच्या रांगेत बसवणं त्याला मुळीच आवडलं नसतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र आणि आत संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, स्त्रियांचा कामसुखाचा हक्क यांवर कोरड्या, जवळजवळ गणिती भाषेत लिहिलेले लेख. कर्वे गणिताचेच प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. नग्नतेत अश्लील काही नाही, अश्लीलता असलीच तर पाहणाऱ्याच्या मनात असते, ही त्यांची भूमिका, आणि मुखपृष्ठावरची चित्रं हे तिचं दरमहा दिलेलं प्रात्यक्षिक.

१९३१ साली व्यभिचारावरच्या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारतात आणि जाणकार माणूस उत्तर देतो, यात विकृती कुठे आली, असा साधारण बचाव होता. खटला हरला, दंड दोनशे रुपये. आंबेडकरांच्या चरित्रांत या खटल्याला फार जागा मिळत नाही. अतुल पेठे यांनी अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आणलं, तेव्हा कुठे माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो पहिल्यांदा कळला.

एक योगायोग सांगून पुढे जातो. कर्वे गेले १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिकागोमध्ये ह्यू हेफ्नरचा ‘प्लेबॉय’ निघाला, आत मेरिलिन मन्रोचं छायाचित्र आणि कव्हरवर तारीख नाही, कारण दुसरा अंक निघेल की नाही याची खुद्द संपादकालाच खात्री नव्हती. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण कर्व्यांना नग्न चित्र हे शिकवण्याचं साधन वाटत होतं आणि हेफ्नरला ते विकण्याचं. पुढच्या सत्तर वर्षांत यातलं काय टिकलं, हे सांगायला संशोधक लागत नाही.

*

आता ‘रंभा’. हा भाग जरा सावकाश सांगतो, कारण तो दिवाळी अंकातच सांगण्यासारखा आहे.

इंद्राच्या दरबारातल्या अप्सरांची नावं मासिकांना देण्याची साठच्या सुमाराला मराठीत टूम होती. १९६० साली पु. वि. बेहेऱ्यांनी ‘मेनका’ काढलं. ती मेनका पुढे इतकी घरंदाज झाली की माझ्या मावशीने तिची वर्षानुवर्षं वर्गणी भरली. ‘रंभा’च्या नशिबी ते नव्हतं. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. निशिकांत नावाचा एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि शामा या तीन स्त्रिया. पुण्याच्या एका वाचकाने तो अंक वाचला, त्याला तो तरुणांची मनं नासवणारा वाटला, आणि त्याने दंडसंहितेच्या कलम २९२ खाली फिर्याद गुदरली. फिर्यादीत अंकातल्या इतर गोष्टी आणि चित्रंही होती.

पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने आरोपींना सोडून दिलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे मुद्रक-प्रकाशक आणि लेखक दोषी ठरले. दंड प्रत्येकी पंचवीस रुपये. पंचवीस रुपयांसाठी माणूस दिल्लीला जात नाही, पण काकोडकर गेले. मला वाटतं पैशाचा प्रश्न नव्हताच. शेकडो कादंबऱ्यांवर ज्याचं नाव छापलं जातं त्याच्या नावापुढे कोर्टाने एक विशेषण जोडलं होतं. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचं निकालपत्र फार मोठं नाही आणि त्यातला सूर आजही वाचण्याजोगा आहे. समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत. कादंबरीत स्त्री-पुरुष संबंध आला की ती किशोरांसाठी वर्ज्य असं ठरवलं, तर त्या बिचाऱ्यांना फक्त धार्मिक ग्रंथ वाचावे लागतील, अशा आशयाचं त्यात म्हटलं आहे. त्याचबरोबर, या कथेची वाङ्मयीन योग्यता काही उच्च प्रतीची नाही, हातही कच्चा असेल, असंही कोर्टाने सुनावलं. म्हणजे अश्लीलतेच्या आरोपातून सुटका आणि सुमारपणाचा शिक्का, दोन्ही एकाच निकालात. मराठी समीक्षकांनी काकोडकरांवर एवढे शब्दही खर्च केले नव्हते.

त्याच वर्षी संसदेने कलम २९२ मध्ये दुरुस्ती केली. शिक्षा वाढवली, पण विज्ञान, साहित्य, कला यांच्या दृष्टीने लोकहिताचं असेल ते वगळण्याची तरतूदही केली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी राज खोसलांचा ‘दो रास्ते’ लागला. तो काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून बेतलेला. जो लेखक पुण्यात मनं नासवत होता, त्याच्याच गोष्टीवर आता सबंध देशातली कुटुंबं थिएटरात बसून डोळे पुसत होती. पुढे १९७८ साली ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ आला, तोही त्यांच्याच ‘आशा परत येते’वरून.

मला तो १९६२ चा अंक हवा होता. उच्च न्यायालयाच्या निकालात आरोपींच्या ताब्यातल्या प्रती नष्ट करण्याचाही आदेश होता. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या मिळून सहा ग्रंथालयांत मी चौकशी केली. ‘रंभा’च्या फायली कुठेच नव्हत्या, आणि हे काही कोर्टाच्या आदेशामुळे झालं नव्हतं. असली मासिकं मुळात दप्तरी दाखल होतच नसत. एका वयोवृद्ध ग्रंथपालांनी मला समजावलं की असा अंक आला तर तो शिपायाकडे जाई, शिपायाकडून त्याच्या मित्राकडे, आणि मग रद्दीत. जप्तीची गरजच नव्हती. ज्या कथेवरचा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात, ती ज्या अंकात छापली गेली तो अंक मला मिळाला नाही.

*

रद्दीकडे वळण्याआधी दुकानदाराबद्दल दोन शब्द. आपण खटले आठवतो ते लेखकांचे, पण कलम २९२ चा धाक सगळ्यात जास्त बसला तो विकणाऱ्याला. मुंबईत हॅपी बुक स्टॉल नावाचं पुस्तकांचं दुकान होतं. डिसेंबर १९५९ मध्ये तिथून एका बनावट गिऱ्हाइकाने डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकत घेतली आणि चारही भागीदारांवर खटला झाला. दंड वीस-वीस रुपये. त्यांतले रणजित उदेशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९६४ मध्ये हरले. इतकी पुस्तकं विकतो, प्रत्येकात काय आहे ते दुकानदाराला कसं ठाऊक असणार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. तो मान्य झाला नाही. निकष कुठला लावला, तर १८६८ सालचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला: ज्यांची मनं बिघडण्याजोगी आहेत अशांच्या हाती हे पडलं तर त्यांची मनं बिघडतील का? या निकषावर ‘शामा’ची गाठ पडणार होती, आणि पाच वर्षांत तो सैल झालेला दिसतो. पण सगळं तपासूनच विकायचं, हा धडा दुकानदारांना मिळून चुकला होता.

म्हणून हा धंदा दुकानातून बाहेर पडला आणि फुटपाथवर, रेल्वेच्या पुलाखाली, रद्दीच्या काट्यामागे गेला. ज्याच्याकडे पावतीपुस्तक नाही त्याला बनावट गिऱ्हाइकाची भीती कमी.

आमच्याकडचा काटा एस. व्ही. रोडवर होता. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे १९९२-९३. रद्दीवाल्याचं गणित मला तेव्हापासून पाठ आहे. इंग्रजी वर्तमानपत्राला मराठीपेक्षा जास्त भाव, कारण कागद बरा. गुळगुळीत कागदाच्या मासिकाला सगळ्यात कमी, कारण त्याच्या पुड्या बांधता येत नाहीत आणि पिशव्या चिकटत नाहीत. घरातून गेलेलं सगळं, वह्या, कॅलेंडर, अगदी लग्नपत्रिका, काट्यावर पडत असे. फक्त एका प्रकारचा कागद काट्यावर चढत नसे. तो मालक मांडीखालच्या गोणपाटातून काढी आणि बोटाने मोजी. “हे वजनावर नाय, नगावर.” वजनावर ज्याचे चार आणे आले नसते अशा ‘डेबोनेर’च्या जुन्या अंकाला तो दहा रुपये मागे, आणि वाचून परत आणला तर सात परत देई. तीन रुपयांत एक रात्र. वाचनालयाची अनामत आणि दैनिक भाडं यांची पद्धत त्याने बरोबर उचलली होती. शंभर पावलांवरच्या खऱ्या वाचनालयातून आई त्याच पद्धतीने काकोडकर आणत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

‘डेबोनेर’ हे मुंबईचंच अपत्य. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघालं आणि १९७४ मध्ये विनोद मेहता त्याचे संपादक झाले. ‘प्लेबॉय’ देशात आणायला बंदी होती, त्यामुळे देशी ‘प्लेबॉय’ला बाजार मोकळा होता. मधल्या पानावर उघडी बाई आणि बाकीच्या पानांवर राजकारण्यांच्या मुलाखती, कथा, कविता. अनिल धारकर पुढे संपादक झाले आणि इम्तियाज धारकर काही वर्षं कवितेचं पान बघत. भारतीय इंग्रजी कवितेतली चांगली नावं त्या मधल्या पानाच्या आगेमागे छापली गेली आहेत. “आम्ही लेखांसाठी घेतो” ही ‘डेबोनेर’वाल्यांची जगप्रसिद्ध सबब, आणि गंमत म्हणजे ती थोडीफार खरी होती. वडिलांच्या तिन्ही अंकांत मधली पानं जागेवर आहेत. एका मुलाखतीखाली मात्र पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. वडिलांचं इंग्रजी बेताचं होतं; अवघड शब्दांवर त्यांनी मराठी अर्थ लिहिले आहेत.

मराठी वाचकाला मात्र उघड्या बाईपेक्षा खिडकी जास्त आवडली. पन्नासच्या दशकाच्या उंबरठ्यावर मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या ‘आवाज’ची खिडकीचित्रं मी या वेळी पहिल्यांदाच शांतपणे पाहिली. वरच्या पानाला चौकोनी भोक, त्यातून मागच्या चित्राचा एक तुकडा दिसतो, आणि तो तुकडा असा बेतलेला की मनात नको ते यावं. पान उलटावं तर मागे कणीक तिंबणारा आचारी नाहीतर उताणा झोपलेला भटजी. यात अश्लील चित्र कुठेच नाही. ते वाचकाने स्वतः काढलेलं असतं आणि पान उलटताच त्याचा पचका होतो. कर्वे ज्याला पाहणाऱ्याचं मन म्हणत होते ते पाटकरांनी कात्रीने कापून दाखवलं, आणि तेही कुणी कोर्टात खेचू शकणार नाही अशा बेताने! ‘आवाज’ घरात उघड येत असे. आजोबांनी खिडकी आधी उघडायची आणि मग अंक आत जायचा, असा दिवाळीतला रिवाज मी माझ्या आजोळी पाहिला आहे.

*

उरली ती पातळ पुस्तकं. हिंदीत ज्याला मस्तराम म्हणतात तो प्रकार. मराठीत ‘हैदोस’ हे नाव माझ्या वयाच्या कुणाजवळही काढा, आधी तो इकडेतिकडे बघेल. स्वस्त न्यूजप्रिंट, खिळे झिजलेली छपाई, जागोजागी शुद्धलेखनाच्या चुका. ‘पिवळी’ हे नाव कव्हरावरून पडलं की कागदावरून यावर आमच्यात वाद असत. वडिलांच्या गठ्ठ्यातली पुस्तकं तर आता खरोखरच पिवळी झाली आहेत.

ती मी या लेखासाठी पुन्हा वाचली. आठवणीत ती गमतीदार होती. प्रत्यक्षात दोन गोष्टी जाणवल्या. पहिली भाषेची. या लेखकांपाशी शब्द नव्हते. अवयवांसाठी एक तर संस्कृतातले, कालिदासाच्या घरचे शब्द, नाहीतर थेट शिव्या. मध्ये काही नाही. त्यामुळे एकाच परिच्छेदात नायिका शाकुंतलात सुरू होते आणि धक्क्यावर संपते. हसू येतं, पण हा दोष त्या अनामिक लेखकांचा एकट्यांचा नाही. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला मराठीत शब्द नाहीत आणि डॉक्टरांसमोर माणसं अजून “तिकडे” म्हणून हात दाखवतात. कर्वे पंचवीस वर्षं याच अडचणीशी झगडत होते. ती जागा ना शाळेने भरली ना साहित्याने. ज्याने भरायचा प्रयत्न केला त्याच्याकडे पुस्तकावर पत्ता छापण्याचीही सोय नव्हती.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. त्या गोष्टींमधली बाई नाही म्हणते, आणि त्या नाहीला काही किंमत नसते. बहुतेक गोष्टींचं यंत्रच त्यावर चालतं: आधी विरोध, मग तिलाच ते हवं होतं असा शोध. विशीत मला हे दिसलं नव्हतं. आज घरात चोवीस वर्षांची मुलगी आहे, लोकलने अंधेरीला नोकरीला जाते, आणि तिच्या डब्याबाहेरच्या गर्दीत अशी पुस्तकं वाचून वाढलेले माझ्या वयाचे पुरुष उभे असतात. गटावरच्या मित्रांना मी हे लिहून पाठवलं. दोघांनी हसणारे चेहरे पाठवले, एकाने “तू फार विचार करतोस” असं म्हटलं, आणि एकाने, ज्याच्याकडून मला अपेक्षा नव्हती, रात्री फोन करून बराच वेळ काही न बोलता मग मुलांचं शिक्षण कसं चाललंय ते विचारलं.

आईला मी त्यातली भाषा सोडून फक्त कथानक सांगितलं. ती म्हणाली, “काकोडकरांच्या बाईला निदान विचारतात तरी.” हे समीक्षेचं वाक्य म्हणून घ्यायला माझी हरकत नाही.

आणि हेही लक्षात घ्यायला हवं की ‘काय दिवस होते’ हा उसासा फक्त पुरुषांचाच असतो. रद्दीच्या काट्याशी उभी राहून नगावर पुस्तक घेणारी बाई मी कधी पाहिली नाही. बायकांची वाट वाचनालयातून जात होती, कव्हरला ब्राउन पेपर घालून, भाजीच्या पिशवीत तळाशी. त्या वाचनाचा कुणी उसासा टाकत नाही, कारण ते झालं होतं हेच कुणी कबूल केलेलं नाही.

*

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे ही दोन मराठी माणसं एका अजगरासह उघडी उभी राहिली. मुंबईत गदारोळ झाला, खटला झाला, आणि चौदा वर्षांनी, २००९ मध्ये, दोघं सुटली. कागदावरच्या नग्नतेवर एवढा वेळ घालवण्याची ती बहुधा शेवटची वेळ. कारण त्याच १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं होतं. दहा वर्षांत आमच्या स्टेशनाबाहेर सायबर कॅफे आले, प्लायवूडच्या खोपटांना पडदे लावलेले. २००८ मध्ये ‘सविता भाभी’ ही चित्रमालिका इंटरनेटवर आली, पुढच्या वर्षी सरकारने ती बंद केली. ती चालवणाऱ्यांनी स्वतःसाठी ‘देशमुख’ हे टोपणनाव घेतलं होतं. ऑगस्ट २०१५ च्या तोंडावर ८५७ संकेतस्थळांवर बंदी आली आणि काही दिवसांतच ती बरीचशी मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये जिओ आलं आणि प्रश्नच मिटला. ‘प्लेबॉय’ने त्याच वर्षी नग्न चित्रं छापणं थांबवलं, वर्षभरात पुन्हा सुरू केलं आणि २०२० मध्ये नियमित छापील अंकच बंद केला. नगावर विकायला काही उरलं नाही.

मित्र म्हणतात ती मजा, मला वाटतं, वाट पाहण्याची होती, आणि वाटून घेण्याची. एक अंक सात जणांत फिरे. आपला नंबर गुरुवारी, हे सोमवारी कळलेलं असे. तो कुणाकडून आला आणि कुणाकडे जायचा हे ठाऊक असल्यामुळे, लाज होती तीही सामायिक होती. मोबाईल एकट्याचा असतो. दुसरी एक गोष्ट मला व्यवसायामुळे दिसते. ती पुस्तकं कुणीतरी मराठीत लिहिली होती, कुणीतरी खिळे जुळवले होते, कुणीतरी गोणपाटात बांधून कांदिवलीपर्यंत आणली होती. वाईट होती, पण इथली होती. तिच्यातला घरमालक चाळीतला होता, वहिनी गिरगावातून आलेली होती, पाऊस जुलैचा होता. समाजाच्या मनात काय चाललं होतं याचा तो पुरावा आहे, आणि नको असलेला पुरावा जपणं हेच खरं तर संग्रहालयाचं काम.

हाच युक्तिवाद मी एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन केला. त्यांनी चहा दिला, ‘आवाज’चे अंक आनंदाने ठेवून घेतले, त्यातला एक त्यांच्याकडे नव्हताच. बाकीच्या पिशवीकडे पाहून कार्यवाह म्हणाले, “सर, नोंदवहीत काय लिहू?” मी म्हटलं, जे आहे ते लिहा. ते म्हणाले, विश्वस्तांना विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

घर रिकामं करून द्यायच्या आदल्या दिवशी मी उरलेली पिशवी घेऊन एस. व्ही. रोडवर गेलो. जुना मालक आता नाही, मुलगा बसतो. अर्ध्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगलेली. त्याने पिशवी उलटी केली, ‘डेबोनेर’, पातळ पुस्तकं, काकोडकर, सगळं एकावर एक काट्यावर टाकलं, आणि आकडा बघितला. “सव्वा किलो. गुळगुळीतचा भाव अर्धा पडेल.”

मी गठ्ठा पुन्हा पिशवीत भरला. तो काही बोलला नाही, गिऱ्हाईक चढ्या भावासाठी परत जातं आहे असं समजून त्याने खांदे उडवले. चारकोपच्या भाड्याच्या खोलीत पोचलो तेव्हा आई गॅसची शेगडी जोडून घेत होती. पिशवीकडे न बघताच तिने विचारलं, “माझी दोन आणलीस ना परत?”